मोबाईल वाट दाखवतो, पण...

जुलै २०२५ मधली गोष्ट. बेलापुरात मध्यरात्रीनंतर एक बाई मोबाईलचा नकाशा पाहत मोटार चालवत होत्या. पुलावर चढायचे सोडून गाडी पुलाखालून सरळ खाडीत! सागरी पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले.

पूर्वी जासईत नवखा माणूस म्हाताऱ्यांना वाट विचारी. वाट सांगण्याआधी उलटतपासणी होई, "कुणाकडचे? जेवलात का?" मोबाईल बिचारा असले काही विचारत नाही.

नकाशाला तरी किती बोल लावणार? आपल्याकडे रस्तेच रोज बदलतात. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचे उद्‌घाटन एकाच दिवशी! सेतू जवळपास २२ किलोमीटर. पण दुचाकीला बंदी. म्हणजे स्कूटरवाल्यांनी तो लांबूनच पाहायचा. लोकल मात्र सर्वांची.

वाचकहो, बदलाला नाके मुरडू नका. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यात मागणी होती न्याय्य मोबदल्याची. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

तेव्हा पोरांकडून मोबाईल जरूर शिका आणि त्यांना ही हकिकतही सांगा. ती कुठल्या नकाशात सापडत नाही.