तीच आठवण पुन्हा सांगताना मेंदूत काय घडतं?

23 मे 2024 च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्याच एमआयडीसीत 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीतल्या स्फोटानं 12 जणांचा जीव घेतला होता. पंचनामे होतात, काचा नव्या बसतात. तो आवाज जवळून ऐकलेल्यांच्या मनाचं नुकसान मात्र कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. काहींना महिना उलटला तरी तेच स्वप्न पडत राहतं, भांडं पडलं तरी छाती धडधडते, त्या रस्त्यानं जाणंच नको होतं. हा पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणाचा विकार. 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेनं तो आपल्या निदानसूचीत घेतला.

मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डला असतो. धोका दिसताच तो शरीराला सावध करतो. हिप्पोकॅम्पस घटनेला स्थळ-काळ जोडतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग अमिग्डलाला आवर घालतो. पीटीएसडीत हा आवर सैल पडतो. त्यामुळे आठवण ‘घडून गेलं’ अशी न येता ‘आत्ता घडतंय’ अशी येते.

घरचे म्हणतात, ‘विसरून जा, तो विषयच काढू नकोस.’ सांगतात मायेनंच. पण टाळत राहिलं की धोका सरलाय हे शिकायची संधीच मेंदूला मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली उपचारपद्धती नेमकी उलट वाटेनं जाते.

समजा, स्फोटाच्या वेळी स्वयंपाकघरात असलेली एक बाई उपचाराला आली आहे. डोळे मिटून ती वर्तमानकाळात सांगते: ‘मी ओट्यापाशी उभी आहे. कुकर लावलाय. बाळूला गॅलरीत पाठवलंय. काच आत येते...’ ‘आता त्रास किती, शंभरपैकी?’ ‘नव्वद.’ सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. एकेक बैठक तास-दीड तासाची, अशा साधारण 8 ते 15 बैठका. त्यात कधीतरी तिच्याच लक्षात येतं की मुलाला गॅलरीत पाठवलं ते आवाजाच्या आधी. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. भीतीइतकाच हा अपराधभाव माणसाला पोखरतो. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत तर मुख्यतः अशा ठाम बसलेल्या समजुतींवरच काम करते.

जुनी भीती यातून पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘आवाज झाला, तरी काही झालं नाही’ ही नवी शिकवण तयार होते. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारानंतर लक्षणं जितकी कमी झाली, तितका भेदरलेले चेहरे पाहताना रुग्णांच्या मेंदूचा पुढचा, आवर घालणारा भाग अधिक सक्रिय झाला आणि अमिग्डला शांतावला. रुग्ण होते फक्त 8, म्हणून त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण दिशा महत्त्वाची आहे: बोलण्यानं मेंदूचं काम बदलू शकतं.

नवी शिकवण जिथे मिळाली, त्या जागेशी बांधलेली राहते. म्हणून खोलीबाहेरचा सराव लागतो: आधी सोबतीनं एमआयडीसीतल्या मिलापनगरच्या कोपऱ्यापर्यंत, मग एकटीनं, मग भर दुपारी कंपन्यांच्या रस्त्यानं.

हे सगळं प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच व्हायला हवं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं पीटीएसडी टळत नाही. काही चाचण्यांत उलट त्रास वाढलेला दिसला. ढिगाऱ्याजवळ उभ्या माणसापुढे माइक धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या दिवसांत पाणी, निवारा, आपल्या माणसांची ख्यालीखुशाली आणि सोबत एवढंच द्यावं.

उपचारांसाठी जवळच ठाण्यात 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे. पण पाळीवरच्या कामगारानं दर आठवड्याला अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून इतक्या बैठकांना कसं जायचं? स्फोटानंतरच्या भरपाईत हाडांच्या ऑपरेशनसारखाच या बैठकांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च धरला पाहिजे. तोवर पहिली विचारपूस फोनवर करता येते: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही.