डाऊन सिंड्रोम असलेलं मूल आणि दत्तकविधान
(हरसूल येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे दत्तक म्हटलं की भावाबहिणीचं मूल मांडीवर घेणं, एवढंच आठवतं. आज आम्ही बोलणार आहोत ते संस्थेत वाढणाऱ्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल. इथं घर मिळालं नाही, तर अशा मुलांना परदेशी कुटुंबात पाठवलं जातं. त्या कुटुंबाला 'परदेशातलं अनाथालय' म्हणजे आपलंच अनाथालय! मग इथलेच लोक मागे का सरतात? आमच्या मते मुख्य कारण भीती, आणि ती बरीचशी माहिती नसल्यामुळे.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. या मुलांमध्ये २१व्या क्रमांकाची दोनऐवजी तीन असतात, म्हणून ४७. साधारण ८०० जन्मांमागे एक मूल असं असतं. आईनं ग्रहणात काही चिरलं, कुणाची नजर लागली, असल्या गोष्टींचा इथं काही संबंध नाही. हा संसर्गही नव्हे. मूल उशिरा बसतं, उशिरा चालतं-बोलतं, पण शिकतं. साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. थायरॉईड, कान, डोळे यांचीही तपासणी वेळेवर व्हावी लागते.

आता कायदा. संस्थेतून मूल थेट उचलून आणता येत नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, ऑनलाइन नोंदणी करावी लागते. निरोगी तान्ह्या बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मात्र एवढी रांग नसते. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे, २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. मूल परदेशी पाठवताना १९९३ चा हेग करार लागू होतो. भारतानं तो २००३ मध्ये स्वीकारला.

एक उदाहरण सांगतो. पुण्यात नोकरी करणारे संगणक अभियंता आदित्य तिवारी यांना इंदूरच्या एका अनाथालयात डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ भेटलं. ते अविवाहित होते, आणि तेव्हाच्या नियमानुसार एकट्या पालकाचं वय किमान ३० हवं होतं. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१५ मध्ये ही मर्यादा २५ वर आली, आणि १ जानेवारी २०१६ रोजी ते बाळ त्यांच्या घरी आलं.

पण नुसती दया आली म्हणून मूल आणू नये. तीन गोष्टी आधी विचारा. हृदयाचा आणि थायरॉईडचा अहवाल काय सांगतो? रोजचे व्यायाम, बोलण्याचा सराव कोण घेणार? हरसूलहून उपचारासाठी नाशिकला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. याचा हिशेब घरात बसून करा. आणि तिसरं, आपल्यामागे त्याचं कोण? यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली १८ वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो, आणि 'निरामय' योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

शेवटी, आपल्याच गावात असं मूल जन्मलं तर? आधी उपचार बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि पुढची शस्त्रक्रियासुद्धा मोफत होऊ शकते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा. तरीही सांभाळणं खरंच अशक्य असेल, तर मूल कुठं टाकू नका, परस्पर कुणाला देऊही नका, तो गुन्हा आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर जा. तिथं सही केल्यावरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. रस्ता सापडत नसेल तर १०९८ वर फोन करा. मूल रीतसर नोंदलं गेलं, तरच त्याला पुढं घर मिळू शकतं, मग ते हरसूलमध्ये असो की साता समुद्रापलीकडे.