आरसीवर नसलेला रकाना

नाशिक जिल्ह्यात जुनी मालवाहू गाडी घ्यायला निघालेला माणूस निफाडचा द्राक्ष बागायतदार असो, लासलगावच्या बाजारात कांदा आणणारा शेतकरी असो किंवा आडगाव नाक्यावर भाड्याची वाट पाहणारा चालक, एक प्रश्न तो हमखास विचारतो: गाडी ठोकलेली आहे का? उत्तरही ठरलेलं असतं: नाही. या उत्तराची शहानिशा करायला खरेदीदाराच्या हातात एकही सरकारी कागद नसतो. आरसीवर मालकाचं नाव असतं, चासी आणि इंजिनाचा नंबर असतो, कर्जाचा बोजा असतो. गाडी एकदा मोडून पुन्हा उभी केली आहे का, हे सांगणारा रकाना नसतो. अमेरिकेत विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा पडतो, आणि ती दुरुस्त होऊन तपासणीत उतरली की ‘रीबिल्ट’ असा. नियम राज्याराज्यांत वेगळे, पण शेरा गाडीला चिकटून राहतो. म्हणून तिथला गिऱ्हाईक विचारतो की शेरा असलेली गाडी घ्यावी का. आपल्याला त्याच्या आधीचा प्रश्न सोडवावा लागतो: शेराच नसलेल्या गाड्यांत मोडून जोडलेली कोणती? माझं म्हणणं असं, की जोडलेली गाडी आपोआप वाईट ठरत नाही. वाईट असते ती लपवलेली जोडणी. सगळी बिलं आणि फोटो समोर ठेवून विकली जाणारी टोटल लॉसची गाडी, ‘एकदम ओरिजनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि मागचा एकही कागद नसलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगला सौदा असते.

‘टोटल लॉस’ हा शब्द ऐकला की लोखंडाचा चुराडा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो हिशेबातून निघालेला शब्द आहे. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या दरपत्रकानुसार, गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की ती टोटल लॉस धरली जाते. ही किंमत वयाबरोबर उतरत जाते: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. समजा, दोन गाड्यांची मूळ किंमत दहा-दहा लाख आहे. एक अडीच वर्षांची, तिची विमा किंमत सात लाख, म्हणून मर्यादा सव्वापाच लाख. दुसरी साडेचार वर्षांची, तिची विमा किंमत पाच लाख, मर्यादा पावणेचार लाख. दोन्ही गाड्यांना सारखाच मार बसला आणि दोन्हींच्या दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाख निघाला, तर पहिली दुरुस्त होऊन रस्त्यावर येते आणि दुसरी टोटल लॉस ठरते. मार तोच, लोखंड तेच. शिवाय हा अंदाज बहुधा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा, नव्या सुट्या भागांच्या भावाचा असतो. तीच केबिन जुन्या बाजारातून आणून चांगल्या मिस्त्रीकडून बसवली तर खर्च बराच खाली येतो, आणि म्हणूनच मोडक्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं. हिशेबाची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. नव्या गाडीची चासी वाकली तरी खर्च मर्यादेत बसला म्हणून ती टोटल लॉस होत नाही. तिच्याबद्दल विक्रेता खोटं न बोलता ‘टोटल लॉस नाही’ म्हणू शकतो.

टोटल लॉस ठरल्यावर गाडी जाते कुठे, हे पाहिल्याशिवाय खरी जोखीम कळत नाही. एक तर कंपनी भंगाराची किंमत वजा करून बाकीचे पैसे मालकाला देते आणि मोडकी गाडी त्याच्याकडेच राहते. नाही तर पूर्ण रक्कम देऊन ती लिलावात काढते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निरुपयोगी झालं तर मालकाने ते चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं आणि आरसी जमा करावी. पण ‘कायमचं निरुपयोगी’ आणि ‘दुरुस्ती परवडत नाही’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातून आरसी जिवंत राहते. लिलावातल्या काही गिऱ्हाइकांना लोखंड हवं असतं, काहींना फक्त कागद. कागद घेणाऱ्यांतले काही त्याच मॉडेलची चोरीची गाडी मिळवतात, तिचा चासी नंबर घासून मोडक्या गाडीचा नंबर ठोकतात आणि स्वच्छ आरसीवर ती विकतात. पुरातल्या गाड्यांचीही अशीच गत होते. कोल्हापूर-सांगलीचा ऑगस्ट २०१९ चा पूर, चिपळूण-महाडचा जुलै २०२१ चा पूर; अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यातून निघालेल्या गाड्या बाजारात येतात, आणि त्यांचा बाजार त्या गावापुरता राहत नाही. पुरात खराब होऊन भंगारात गेलेल्या शेकडो मोटारी बनावट नंबर आणि कागदांच्या आधारे विकल्याचं प्रकरण नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये उघडकीस आणलं होतं. गंडलेल्या खरेदीदारांनी कागद पाहिले नव्हते असं नाही. कागद पाहूनच ते निर्धास्त झाले होते.

आपल्याकडेही आरसीवर शेरा हवा, या मागणीवर पहिला आक्षेप असा, की मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, मग वेगळ्या शेऱ्याची गरज काय? गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी होते, आणि नाशिकमध्ये ती यंत्रावर करणारं स्वयंचलित केंद्रही आहे. यंत्र ब्रेकची पकड मोजतं, धूर मोजतं, हेडलाइटचा झोत आणि चाकांची बाजूची सरक पाहतं. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण तपासणी गाडीची आजची प्रकृती सांगते, मागचं आजारपण सांगत नाही. वेल्डिंगवर ग्राइंडर फिरवून रंग मारलेला चासीचा लाँग मेंबर रिकाम्या गाडीत त्या दिवशी नीट उभा राहतो. तो बोलतो तो सहा महिन्यांनी, पूर्ण लोड घेऊन कसारा घाट उतरताना.

ट्रक आणि मोटारीत फरक आहे तो इथे. ट्रकची केबिन, हौदा, बोनेट, काच या साऱ्या बदलायच्याच वस्तू. हौदा तर पुष्कळदा स्थानिक कारागिराकडेच बांधलेला असतो. केबिन नवी किंवा रंग ताजा दिसला म्हणून ट्रक नाकारणं शहाणपणाचं नाही. ट्रकचं हाड म्हणजे दोन लाँग मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, बहुतेक रिव्हेटने बांधलेले. या पोलादाची ताकद त्याच्या घडणीत असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा पट्टा बदलतो आणि पुढचा तडा त्याच्याच कडेला जातो. म्हणून लाँग मेंबरच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू नये, भोकं पाडू नयेत, अशी सूचना उत्पादकच देतात. खरेदीदाराने गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून पाहावी. मूळ रिव्हेट आहेत की त्यांच्या जागी नटबोल्ट आले? एकाच बाजूला रंगाचा थर जाड आहे का? पाटे बसवलेल्या ब्रॅकेटच्या सममित खुणा धरून दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत ठळक फरक निघाला तर चासी तिरपी झालेली आहे. मग सरळ रस्त्यावर गाडी चालवायला लावून मागून पाहावं: मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जातात, की गाडी तिरकी पळते? टायर एकाच कडेने खाल्लेत का? चासी नंबर ज्या जागी ठोकलेला असतो तिथे घासल्याची किंवा चौकोनी तुकडा जोडल्याची खूण दिसली, तर पुढे काही पाहायचं कारण नाही, तिथून निघावं. पुरातल्या गाडीचं दुखणं वेगळं. तिची चासी सरळ असेल, पण सीटखालच्या कप्प्यात आणि पोकळ भागांत गाळ सापडतो, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढलेला असतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट इतकी आहेत, की भिजलेलं वायरिंग पुढची दोन-तीन वर्षं खर्च काढत राहतं. वाकलेला पत्रा सरळ होतो. भिजलेल्या बीएस-६ गाडीपासून, ती कितीही स्वस्त मिळो, मी तरी माणसाला दूर राहायलाच सांगेन.

शेरा नसला तरी कागदांतून तो बराचसा वाचता येतो, आणि हे काम फार थोडे लोक करतात. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा आकडा असतो. विना-दावा वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा केला की शून्यावर येतो. पाच वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीवर बोनस २० टक्केच असेल, तर मध्ये काय झालं, हा प्रश्न विचारायलाच हवा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो दुसऱ्या गाडीवरून आणलेला असू शकतो. म्हणून एका वर्षाची पॉलिसी पुरत नाही, सगळ्या लागतात. त्या ओळीने लावल्या आणि मध्ये पाच-सहा महिन्यांची खिंड दिसली, त्याच काळात फिटनेस संपलेला, फास्टॅगवर टोल नाही, तर गाडी तेवढे दिवस कुठेतरी पडून होती. कदाचित मालक आजारी असेल, कदाचित भाडं नसेल. पण द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, चांगली गाडी सहसा कोणी उभी ठेवत नाही.

आणि प्रश्न तोंडी विचारून भागत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून विकणारा नुसता गप्प राहिला, तर ती लबाडी ठरत नाही. पण घेणारा म्हणाला, तू नाकारलं नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरीन, आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आजच्या ट्रकला चपखल लागू आहे. कलम १९ पुढे बजावतं, की साध्या दक्षतेने सत्य कळण्यासारखं असेल, तर मौनाबद्दल तक्रार करून करार मोडता येत नाही. म्हणून विसार देण्याआधी दोन ओळींचा मेसेज पाठवावा: गाडीवर टोटल लॉसचा किंवा मोठ्या अपघाताचा दावा झालेला नाही, चासीवर वेल्डिंग नाही, असं धरून मी व्यवहार करतो. प्रामाणिक विक्रेत्याला या दोन ओळींचा त्रास होत नाही. व्यवहारानंतर नाव बदलण्यात ढिलाई नको. नोंदवहीत ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. ते विक्रेत्याच्या डोक्यावरचं ओझं. खरेदीदाराने चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आरसीवर शेरा आला तर ज्या गरीब मालकाने कर्ज काढून, इमानाने गाडी उभी केली, त्याची किंमत पडेल. पडेल, हे खरं. पण आज काय होतं? शेरा नसल्यामुळे गिऱ्हाईक प्रत्येकच जुन्या गाडीचा भाव संशयाने पाडून मागतो, आणि पंचवीस-तीस हजार जास्त घालून चांगली केबिन बसवणाऱ्यालाही लपवून विकणाऱ्याचाच भाव मिळतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल तर चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. मात्र नुसता ‘टोटल लॉस’ असा शेरा नको, कारण तो वयाच्या हिशेबातून येतो हे वर पाहिलंच. ब्रिटनने ऑक्टोबर २०१७ पासून दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांचे दोन वर्ग केले: एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत, चासीला लागलं की पत्र्याला लागलं. असा फरक लिहिला तर केबिन बदललेल्या पिकअपचा मालक विनाकारण भरडला जाणार नाही, आणि चासी जोडलेला ट्रक स्वस्तात घेऊन शेताच्या बांधापासून गावातल्या मार्केटपर्यंत चालवायचा की नाही, हे घेणारा जाणून ठरवील.

हे लिहायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. सर्व्हेअर प्रत्येक मोठ्या दाव्यात चासीची अवस्था अहवालात नोंदवतोच. तो अहवाल आज विमा कंपनीच्या फायलीत राहतो. ‘वाहन’ प्रणालीत गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत कोणालाही दिसते. त्याच पडद्यावर, त्या ओळीखाली, दाव्याची तारीख आणि चासी की पत्रा, एवढं छापलं जायला हवं.