आपला काय संबंध?

'पर्यावरण' हा शब्द काढला की आमच्या महिला मंडळातल्या बायका जरा आखडतातच. 'अहो, ते शिकलेल्या लोकांचं काम. वनखातं, शास्त्रज्ञ, नाहीतर मोठ्या शहरातले संस्थावाले. आपला काय संबंध?' गेली दहा-बारा वर्षं बैठकांमधून हे ऐकते आहे. यावर भाषण देऊन काही होत नाही. मग मी गोष्टी सांगायला लागले. खऱ्या बायकांच्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती किंक्री देवींच्या गोष्टीला.

किंक्री देवी हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातल्या. जन्म १९२५ चा, दलित कुटुंबातला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चौदाव्या वर्षी लग्न, नवरा वेठबिगार आणि बाविसाव्या वर्षी वैधव्य. पोटासाठी हातात झाडू आला तो आलाच. त्या भागात चुनखडीच्या खाणी सुरू झाल्या. सुरुंगांनी डोंगर फुटू लागले, झऱ्यांचं पाणी गढूळ झालं, भाताची खाचरं बुजू लागली. हे सगळ्यांना दिसतच होतं की! पण बोलणार कोण? बोलली ती ही झाडूवाली बाई. एका स्थानिक संस्थेच्या मदतीने १९८७ मध्ये तिने ४८ खाणमालकांविरुद्ध सिमल्याच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. 'ही बाई आम्हाला ब्लॅकमेल करते आहे,' असा मालकांचा कांगावा. याचिकेची दखल घेतली जाईना, तेव्हा किंक्री देवी कोर्टाबाहेर उपोषणाला बसल्या. एक-दोन नाही, १९ दिवस. वय बासष्ट! शेवटी कोर्टाने खाणकामाला स्थगिती दिली आणि डोंगरातल्या सुरुंगांवर बंदी आणली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही ते १९९५ मध्ये हरले.

त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत त्यांच्या हस्ते दीप लागला. सही करायलाही त्या शिकल्या त्या मृत्यूच्या काही वर्षं आधी. पुढे संगडाहला मुलामुलींसाठी कॉलेज व्हावं म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि ते झालंही. २००७ मध्ये त्या गेल्या. आमच्या एका मावशींनी ही गोष्ट ऐकून विचारलं होतं, 'एकोणीस दिवस तिच्या घरी स्वयंपाक कुणी केला?' हसू नका. मला तो प्रश्न फार खरा वाटला.

आता दुसरं टोक. अल्मित्रा पटेल. मुंबईच्या पारशी घरातली मुलगी, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेतून १९५९ मध्ये इंजिनिअर होऊन आली. तिथून इंजिनिअर झालेली पहिली भारतीय स्त्री. उद्योगांमध्ये अनेक वर्षं काम केलं. पुढे बंगळूरच्या बाहेर शेतावर राहायला गेल्या, तर शहराचा कचरा आणि मैला त्यांच्याच रस्त्याच्या कडेला येऊन पडू लागला. पाणथळ जागा नासल्या, रात्रीचे बेडूक ओरडायचे थांबले. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? खिडक्या लावून घेतल्या असत्या, नगरसेवकाला नावं ठेवली असती. यांनी गाडी काढली आणि गावोगावी फिरून कुठल्या शहराचा कचरा कुठे जातो ते स्वतः पाहिलं. जवळपास सगळीकडे एकच चित्र : गावाबाहेर ढीग, नाहीतर धूर. १९९६ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने समिती नेमली, तिच्यात त्याही होत्या आणि २००० साली देशात पहिल्यांदा शहरी कचऱ्याचे नियम झाले. २०१६ मध्ये ते नव्याने आले. आपल्या दारात घंटागाडी येते आणि 'ओला-सुका वेगळा द्या' असं सांगितलं जातं, त्याच्या मुळाशी ही बाई आहे.

आपल्या राहीबाई पोपेरे तर तुम्हाला माहीतच आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. गावठी वाणांचं बी मडक्यात-डब्यात जपलं आणि २०२० मध्ये पद्मश्रीच्या यादीत आल्या. त्यांच्याविषयी इतकं लिहून आलंय की मी आणखी भर घालत नाही. एवढंच, की बी राखणं हे आपल्याकडे पूर्वापार बायकांचंच काम. त्याला कुणी 'काम' म्हणत नव्हतं, इतकंच.

केनियाच्या वांगारी मथाई पशुवैद्यकाच्या प्राध्यापक. जनावरांच्या रोगावर संशोधन करायला त्या गोचिडी गोळा करत खेड्यांत हिंडत. हिंडताना लक्षात आलं, गाई हाडाडल्या आहेत, कारण गवतच नाही. ओढे लाल वाहताहेत, कारण माती धुपते आहे. आणि बायका सरपणासाठी मैलोन् मैल चालताहेत. रोग जनावराच्या अंगात कमी आणि जमिनीत जास्त! १९७७ मध्ये त्यांनी खेड्यातल्या बायकांना रोपं करायला शिकवलं. वनखात्याचे लोक म्हणाले, याला पदविका लागते. बायकांनी फुटक्या मडक्यांत, डब्यांत बी रुजवलं. जगलेल्या प्रत्येक झाडामागे त्यांना थोडे पैसे मिळत. लावलेल्या नाही हं, जगलेल्या! आपल्याकडच्या वृक्षारोपणाच्या फोटोवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. १९८९ मध्ये नैरोबीच्या उद्यानात साठ मजली इमारत उठणार होती. मथाईंनी विरोध केला, तर थेट संसदेत 'घटस्फोटित बायकांची टोळी' म्हणून त्यांची हेटाळणी झाली. मुद्दा संपला की बाईच्या संसारावर घसरायचं, हे जगभर सारखंच दिसतं. इमारत मात्र झाली नाही. २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं.

झाडूवाली, इंजिनिअर, शेतकरी, प्राध्यापक. यांतल्या कुणीही 'मी आता पर्यावरणाचं काम करते' असं ठरवून घराबाहेर पडलेली नाही. आपापलं काम करता करता समोर जे दिसलं, त्याकडे पाठ फिरवली नाही आणि मग आपल्याच कामातली हत्यारं वापरली. इंजिनिअरने पाहणी केली, प्राध्यापकाने कारण शोधलं. किंक्री देवींकडे फक्त चिकाटी होती, ती त्यांनी पणाला लावली.

आमच्या गावात घंटागाडीत ओला आणि सुका कचरा आम्ही वेगळा टाकतो आणि तो डेपोवर नेऊन पुन्हा एकत्रच पेटवला जातो. तक्रारी तोंडी होत्या, त्यामुळे विरून जात. आता आमच्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी डेपोलगतच्या वस्तीत घरोघर जाऊन खोकल्याची नोंद ठेवायला घेतली आहे. कुठल्या घरी, किती लहान मुलं, किती दिवसांपासून. डेपो कोणत्या दिवशी पेटला, ते समोर राहणारी शिवणकाम करणारी मैत्रीण तारखेनिशी लिहिते. तिची मशीन खिडकीशीच आहे. अर्जाची भाषा एका शिक्षिकेने तपासली. माझ्या वाट्याला झेरॉक्स आणि पोच घेण्याचं काम.

येत्या सोमवारी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांनी वेळ दिली आहे. चौघी जाणार आहोत. शिवणवालीने लग्नसराईचे ब्लाउज त्यासाठी शनिवारीच हातावेगळे करायचं ठरवलं आहे.