काळ्या दगडाचा ओटा

इफ्तार आटोपून मोहन्यातून कल्याणकडे निघालं की हल्ली सगळीकडे उंच इमारती दिसतात. पाटी वाचली नाही, तर गाव कोणतं ते कळत नाही.

कल्याणात शेणाळे तलावाजवळची काळी मशीद मात्र पाटीवाचून ओळखू येते. सतराव्या शतकातली, लहानशी, घडीव दगडाची. पलीकडे अंबरनाथचं शिवमंदिर, 1060 सालचं. तेही काळ्या दगडाचंच. बांधणारे वेगळे, इबादत आणि पूजा वेगळी, पण दगड इथलाच: सह्याद्रीच्या लाव्हारसातून घडलेला बेसाल्ट. जातं त्याचं, पाटा त्याचा आणि जुन्या घरांचा ओटाही त्याचाच.

त्या ओट्यावर रमजानमध्ये शेजाऱ्यांसाठी खजुराचं ताट यायचं, दिवाळीत फराळाचं. ताट ठेवायला जागा होती, म्हणून माणसं थांबत.

एनआरसी कारखाना 2009 साली बंद पडला आणि मोहन्याची एक ओळख गेली. आता नवी घरं उभी राहताहेत. नकाशे आखणाऱ्यांकडे मागणं एवढंच: दर्शनी भिंतीत थोडा काळा दगड असू द्या आणि जिन्यापाशी एक ओटा. ताटं आम्ही आणू.