पीसीची फ्लॉपी कमोडोरला का कळत नाही?

१९८५-८६च्या सुमारास अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्याच्या ऑफिसात आयबीएम पीसी असायचा आणि घरी कमोडोर ६४. ऑफिसातले अर्धवट पत्र फ्लॉपीवर घालून घरी न्यावे आणि रात्री पुरे करावे, एवढीच अपेक्षा. फ्लॉपी दोन्हीकडे सव्वापाच इंचीच. घरच्या ड्राइव्हमध्ये ती व्यवस्थित बसायची, लाल दिवा लागायचा, खडखड आवाज यायचा आणि पडद्यावर एरर. फ्लॉपी चांगली, ड्राइव्हही चांगला, तरी वाचन शून्य.

आता तीच अडचण उलट्या बाजूने पुन्हा आली आहे. आठ बिटचे जुने घरगुती संगणक दुरुस्त करून चालवणारे छंदिष्ट जगभर आहेत. भारतालाही ही यंत्रे अगदीच परकी नाहीत. १९८४-८५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांमध्ये आले ते बीबीसी मायक्रो आठ बिटचेच होते. अशा यंत्रावर पीसीवरून फाइल न्यायची किंवा जुन्या फ्लॉपीतला मजकूर त्यावर उघडायचा, तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. वाचता येणार की नाही, हे संगणक आठ बिटचा आहे की सोळा बिटचा यावर ठरत नाही. ते ठरते ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपवर. चिपला अक्षर लागत असेल तर बाकीचे काम प्रोग्रॅम करू शकतो. चिपलाच लागत नसेल तर कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, उपयोग नाही.

कागद तोच, लिपी वेगळी

मोडीतली जुनी सनद समोर ठेवली तर भाषा मराठी असूनही बाळबोध शिकलेल्या माणसाला ती वाचता येत नाही. फ्लॉपीचे नेमके तसेच आहे. चुंबकीय थरावर खुणा करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. पीसीने ‘एमएफएम’ ही पद्धत घेतली. दर ट्रॅकवर ९ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट, ४० ट्रॅक, दोन बाजू. गुणाकार करा: ३,६८,६४० बाइट. हीच ती ‘३६० केबी’ची फ्लॉपी, कारण इथे एक केबी म्हणजे १०२४ बाइट. साडेतीन इंचीवर ट्रॅक ८० झाले आणि आकडा दुप्पट, म्हणजे ७२० केबी झाला.

कमोडोर ६४च्या १५४१ ड्राइव्हची लिपी वेगळी, ‘जीसीआर’. चार बिटांचा गट घ्यायचा आणि त्याच्या जागी ठरलेला पाच बिटांचा गट लिहायचा. शिवाय बाहेरच्या लांब ट्रॅकवर २१ सेक्टर आणि आतल्या आखूड ट्रॅकवर १७. सेक्टर २५६ बाइटचा, ट्रॅक ३५, एकच बाजू. एकूण ६८३ सेक्टर. ॲपल टूची डिस्कही जीसीआरचीच, पण तिचे नियम निराळे. म्हणजे मोडीतही दोन वळणे! १५४१च्या आत स्वतःचा प्रोसेसर आहे, २ केबी मेमरी आहे, तो जवळजवळ छोटा संगणकच आहे. पण त्याची वाचनाची सर्किट जीसीआरसाठी बांधलेली. पीसीची फ्लॉपी त्याला कोरी किंवा बिघडलेली वाटते.

कमोडोरने १९८५ साली कमोडोर १२८ सोबत १५७१ ड्राइव्ह आणला आणि त्यात वेस्टर्न डिजिटलची १७७० ही चिप जास्तीची बसवली. हेतू पीसीचा नव्हता. सीपी/एम या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्क वाचता याव्यात, हा होता. पण १७७०ला एमएफएम येते आणि पीसीची फ्लॉपीही एमएफएमचीच. मग ‘बिग ब्लू रीडर’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आला आणि १५७१मध्ये ३६० केबीची फ्लॉपी उघडू लागली. ‘बिग ब्लू’ हे आयबीएमचे टोपणनाव, म्हणून हे नाव. १९८७ सालच्या १५८१ या साडेतीन इंची ड्राइव्हवर तो ७२० केबीची फ्लॉपीही वाचतो. कमोडोरची स्वतःची १५८१ डिस्क ८०० केबीची असते, कारण तिथे ट्रॅकवर नऊऐवजी दहा सेक्टर बसवले आहेत. लिपी मात्र एमएफएमच.

खतावणी कशी वाचायची

लिपी लागली की प्रश्न उरतो मांडणीचा. ज्यांनी कधी वह्या लिहिल्या आहेत त्यांना ही मांडणी चटकन कळेल. ७२० केबीच्या फ्लॉपीवर एकूण १४४० सेक्टर. पहिला सेक्टर ओळखीचा: डिस्क किती मोठी, सेक्टर किती, वगैरे. त्यानंतर तीन सेक्टरांत ‘फॅट’ नावाचा तक्ता. पुढच्या तीन सेक्टरांत त्याच तक्त्याची हुबेहूब नक्कल, एक खराब झाला तर दुसरा असावा म्हणून. मग सात सेक्टरांची अनुक्रमणिका, तिच्यात जास्तीत जास्त ११२ नावे. त्यापुढे प्रत्यक्ष मजकूर.

अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद ३२ बाइटची. आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी आडनाव, तारीख, वेळ, फाइलची लांबी आणि मजकूर कुठल्या गठ्ठ्यापासून सुरू होतो तो क्रमांक. एक गठ्ठा दोन सेक्टरांचा, म्हणजे १०२४ बाइट. समजा २५०० बाइटचे पत्र आहे. त्याला तीन गठ्ठे लागतील. अनुक्रमणिका सांगते, ‘गठ्ठा २ पासून सुरू’. फॅटमध्ये २ समोर लिहिलेले असते ३. तीनच्या समोर ७. सातच्या समोर शेवटची खूण. म्हणजे २, ३, ७ या क्रमाने गठ्ठे उचलायचे आणि २५०० बाइट झाले की थांबायचे. खतावणीत ‘पुढील पान पाहा’ लिहितात, तसाच हा प्रकार.

एक किचकट भाग आहे. फॅटमधला प्रत्येक आकडा बारा बिटांचा, म्हणजे दीड बाइटचा. तीन बाइटांत दोन आकडे दाटीवाटीने बसवलेले असतात आणि मधला बाइट दोघांत वाटला जातो. जागा वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर आठ बिटच्या प्रोसेसरला थोडी त्रासाची पडते, पण अशक्य काहीच नाही. तक्ता जेमतेम दीड हजार बाइटचा आहे, ६४ केबीच्या मेमरीत आरामात बसतो. बेसिकमध्येही असा वाचक लिहिता येईल. चालेल रमतगमत, एवढेच.

काही यंत्रे घरचीच, काही फसवी

या सगळ्यात सर्वांत सुखी मालक एमएसएक्सचे. १९८३ साली जाहीर झालेला हा मूळ जपानी बाजारासाठीचा नमुना सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स अशा अनेक कंपन्यांनी बनवला. १९८४ सालची त्याची एमएसएक्स-डॉस ही सिस्टिम टिम पॅटरसन यांनी लिहिली, म्हणजे ज्यांनी मूळ पीसीचे डॉस लिहिले त्यांनीच. त्यामुळे तिची फाइलपद्धत पीसीचीच आहे. ७२० केबीची फ्लॉपी घाला, फाइलींची यादी मागा, यादी हजर. मात्र पहिल्या आवृत्तीला फोल्डर कळत नाहीत, तेव्हा सगळ्या फाइली मोकळ्या ठेवाव्यात. दुसरी सूचना जास्त महत्त्वाची: यंत्र सुरू करताना पीसीची फ्लॉपी आत नको. सुरुवातीला एमएसएक्स फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमधला प्रोग्रॅम चालवायला बघतो. पीसीवर फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीत तिथे इंटेलच्या प्रोसेसरच्या सूचना असतात आणि एमएसएक्समध्ये बसलाय झेड-८०. यंत्र अडकून बसू शकते. आधी यंत्र सुरू करावे, मग फ्लॉपी सरकवावी.

ॲमस्ट्रॅड सीपीसीची गोष्ट मजेशीर आहे. त्याची कंट्रोलर चिप एनईसी ७६५, आणि पीसीने घेतलेली चिपही तीच. ५१२ बाइटचे नऊ सेक्टरही तेच. फरक फक्त सेक्टरांच्या क्रमांकांचा. पीसी १ ते ९ म्हणतो, सीपीसीच्या डेटा डिस्कवर १९३ ते २०१ असतात आणि सिस्टिम डिस्कवर ६५ ते ७३. डिस्क कुठल्या जातीची हे सीपीसी या क्रमांकांवरूनच ओळखतो. १ पासून क्रमांक दिसले की तो तिला ‘आयबीएम फॉरमॅट’ समजतो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. तो फॉरमॅट पीसीवर चालणाऱ्या सीपी/एमचा आहे, एमएस-डॉसचा नव्हे. मग अनुक्रमणिका भलत्याच जागी शोधली जाते आणि पडद्यावर कचरा येतो. वेगळा वाचक प्रोग्रॅम हवाच. शिवाय सीपीसीचा मूळ ड्राइव्ह तीन इंची, साडेतीन नव्हे! पीसीच्या फ्लॉपीसाठी बाहेरून दुसरा ड्राइव्ह जोडावा लागतो.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत आत कुठली चिप आहे हे आधी बघावे. सुरुवातीच्या यंत्रांतल्या इंटेल ८२७१ला एमएफएम येतच नाही, तिला फक्त जुनी विरळ ‘एफएम’ पद्धत येते. तिथे प्रयत्न करण्यात अर्थ नाही. पुढे बी प्लस आणि मास्टर या यंत्रांत १७७० घराण्याची चिप आली. त्यांवर योग्य प्रोग्रॅम असला तर काम होते.

१.४४ एमबीची फ्लॉपी देऊ नका

आज घरात सापडणाऱ्या बहुतेक साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीच्या असतात. त्यांच्यावरचा मजकूर सेकंदाला पाच लाख बिट या वेगाने हेडखालून जातो आणि या जुन्या चिप अडीच लाखांच्या. ऐकणाऱ्याच्या दुप्पट वेगाने कोणी बोलले तर काय होईल, तेच होते. म्हणून पीसीवरच ७२० केबीची फ्लॉपी बनवावी लागते. डॉसमध्ये फॉरमॅटच्या हुकमाला ८० ट्रॅक आणि ९ सेक्टर असे सांगितले की झाले. शक्यतो खरी ७२०ची फ्लॉपी घ्यावी, म्हणजे कोपऱ्यात एकच भोक असलेली. १.४४च्या दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावूनही काम निघते. पण ती सोय तेवढ्यापुरती, कायम जपायचा मजकूर तिच्यावर ठेवू नये.

सव्वापाच इंचीत याहून वाईट सापळा आहे. १.२ एमबीच्या ड्राइव्हचे हेड अरुंद, ३६० केबीच्या ड्राइव्हचे रुंद. जुन्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉपीवर नव्या ड्राइव्हने पुन्हा लिहिले की मधोमध नवी बारीक रेघ उमटते आणि दोन्ही कडांना जुना मजकूर शिल्लक राहतो. नवा ड्राइव्ह ती खुशाल वाचतो. ती कमोडोरच्या रुंद हेडखाली गेली की दोन्ही मजकूर एकदम ऐकू येतात आणि काहीच कळत नाही. ‘माझ्याकडे तर चालतेय’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरू नये.

आणि फ्लॉपीत कोणाची पत्रे, हिशेब, पाककृती असतील तर पहिले काम एकच: लेखनबंदी. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाका, साडेतीन इंचीचे भोक उघडे करा. न ओळखणारे यंत्र अनेकदा ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारते. घाईत ‘हो’ म्हटले की वीस-तीस वर्षांचा मजकूर गेला. बुरशीचे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नये, हेडही खराब होते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडल्या जातात. नेहमीचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची पीसी फ्लॉपीपुरताच आहे. कमोडोरची किंवा ॲपलची डिस्क त्याच्याने होणार नाही. त्यासाठी क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल अशी उपकरणे लागतात. ती लिपीचा विचारच करत नाहीत, चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतात.

मजकूर आला, अक्षरे विचित्र

फाइल उघडली तरी थोडे काम उरतेच. पीसी ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन संकेत टाकतो. कमोडोर, बीबीसी, स्पेक्ट्रम यांना फक्त १३ पुरतो, अटारीला १५५ हवा. कमोडोरवर तर इंग्रजी लहान अक्षरे मोठी आणि मोठी लहान दिसतात. रूपांतराचा छोटा प्रोग्रॅम पाच मिनिटांत हे निस्तरतो.

मराठी फाइलीचे मात्र वेगळे. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर लिहिलेला मजकूर इस्की या संकेतपद्धतीत असतो आणि त्यात देवनागरीला १६० च्या वरचे क्रमांक दिलेले आहेत. ‘क’ म्हणजे १७९, ‘ख’ म्हणजे १८०, ‘ग’ म्हणजे १८१. साध्या पीसीवर १७९ म्हणजे एक उभी रेघ, त्यामुळे मराठी पत्र चौकटींच्या तुटक्या नक्षीसारखे दिसते. आठ बिटच्या यंत्रावर त्याच क्रमांकाला तिसरेच काहीतरी चिन्ह येईल. ते पाहून फाइल बिघडली म्हणून पुसून टाकू नये. बाइट जागच्या जागी आहेत. फाइल तशीच उचलून आजच्या संगणकावर न्यावी आणि इस्कीतून युनिकोडमध्ये बदलून घ्यावी.