दादाचे हेल्मेट

क्रिकेटच्या नियमपुस्तकात सगळ्यांसाठी एकच चेंडू नाही, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि २२.४ ते २२.९ सेंटिमीटर घेराचा असतो. तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि २०.५ ते २२ सेंटिमीटर घेराचा. लहान हातात मावावा, खांद्यावर ताण येऊ नये म्हणून केलेली ही सोय. मात्र घेरावरून व्यास काढून पाहिला, तर मुलांचा चेंडू मोठ्यांच्या चेंडूपेक्षा अर्ध्या सेंटिमीटरहूनही अधिक बारीक असू शकतो. हेल्मेटची पुढे आलेली कड आणि तोंडासमोरची जाळी यांच्यामध्ये बघण्यासाठी एक फट ठेवलेली असते. मोठ्यांचा चेंडू जिथे अडेल, तिथून हा चेंडू आत शिरू शकतो. म्हणूनच ‘बीएस ७९२८:२०१३’ या ब्रिटिश मानकात मुलांच्या चेंडूची चाचणी वेगळी घेतली जाते. आपल्या घरांत मात्र कपडे, पुस्तके आणि सायकल यांच्याप्रमाणे हेल्मेटही मोठ्याकडून धाकट्याकडे येते. ते सैल असते, पळताना डोळ्यांवर घसरते, आणि नेमकी फट मोठी असते. डोक्यावर काहीतरी आहे या समाधानात सगळे निर्धास्त. म्हणून मुलाने हेल्मेट घातले आहे का, एवढे विचारून भागत नाही. ते कोणते, कोणी पाहून दिले आणि कोणाच्या जबाबदारीवर, हेही विचारायला हवे. ती जबाबदारी मुलाची नाही, एकट्या पालकाचीही नाही. जो मैदान चालवतो, संघ उतरवतो, शिबिराची फी घेतो, त्याची आहे.

‘एवढीशी मुले, त्यांच्या चेंडूला वेग तो किती?’ असे म्हटले जाते. तासाला साठ किलोमीटर धरू. रिक्षासुद्धा तेवढ्याने पळते. पण हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या जवळजवळ पाचव्या मजल्यावरून सोडलेली वस्तू जमिनीवर आपटते तेव्हा तिचा वेग एवढाच असतो. ऐंशी किलोमीटर धरले, तर मजला आठवा. सोसायटीत आठव्या मजल्यावरून कोणी सीझन बॉल खाली टाकू लागला, तर आपण मुलांना अंगणात उभे राहू देणार नाही. शिवाय मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. त्यामुळे त्याच जोराचा फटका डोक्याला जास्त हिसका देतो. जो चेंडू मोठ्यांच्या छातीकडे उसळतो, तोच दहा वर्षांच्या मुलाच्या कानशिलाशी येतो, हे तर नुसत्या उंचीचे गणित.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे सुनील गावसकर. वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर तेरा कसोटी शतके, तीही हेल्मेटशिवाय! हे खरे आहे. पण याच गावसकरांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली कवटीला चिकटून बसणारे संरक्षक कवच वापरले, हे सांगताना आपण आवाज खाली आणतो. आणि त्यांच्याइतकीच नरी कॉन्ट्रॅक्टर यांची आठवण का निघत नाही? मार्च १९६२मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एकविसाव्या वर्षी पतौडी कर्णधार झाले ते याच दौऱ्यात. जे सुखरूप परतले त्यांच्या कथा होतात आणि जे कोसळले त्यांची तळटीप होते. तंत्राच्या नावाने आपण करतो तो युक्तिवाद असा निवडक पुराव्यावर उभा असतो. शिवाय ज्याच्या तंत्रावर सारी भिस्त, तो जगातला सर्वोत्तम सलामीवीर होता. पाचवीतल्या मुलाला ते तंत्र अजून यायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. हेल्मेटमुळे फलंदाज बेफिकीर होतो, चेंडूवरची नजर काढतो, पूर्वीचे लोक वाकून चेंडू सोडत, आताचे डोक्यावर घेतात. मोठ्यांच्या क्रिकेटबाबत यात तथ्य असावे. हेल्मेट आल्यापासून आखूड चेंडू मारायला जाणाऱ्यांची भीड नक्कीच चेपली आहे. मुलांचे मात्र उलट होते. घाबरलेले मूल मान फिरवते आणि डोळे मिटते. मान फिरली की कान, मानेची बाजू आणि डोक्याचा मागचा भाग चेंडूसमोर येतो. चेहरा जाळीआड सुरक्षित आहे असा भरवसा असला, तरच ते शेवटपर्यंत चेंडू बघायला शिकते. फिल ह्यूज हेल्मेट घालूनही गेला, असेही कोणी म्हणेल. नोव्हेंबर २०१४मध्ये सिडनीत चेंडू त्याच्या हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला. तिथली रक्तवाहिनी फाटून मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून निघालेला धडा हेल्मेट सोडण्याचा नव्हता. हेल्मेटला मागे मानेचे कवच जोडले गेले आणि ऑक्टोबर २०२३पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजीसमोर ते सक्तीचे केले.

आतापर्यंत बोललो ते फलंदाजाबद्दल, पण मुलांच्या मैदानावर सर्वांत दुर्लक्षित असतो यष्टिरक्षक. फिरकीला यष्टीला चिकटून उभा राहणारा मुलगा बहुधा टोपी उलटी घालून बसलेला दिसतो. मे २००० मध्ये ढाक्यात अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर सबा करीमच्या डोळ्याला चेंडू लागला आणि पुढे त्याची कारकीर्द आवरली. २०१२मध्ये टाँटनला इम्रान ताहिरच्या चेंडूने उडालेली बेल मार्क बाउचरच्या डोळ्यात गेली आणि तो पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. दोन्ही वेळा गोलंदाज फिरकीचा. जवळच्या क्षेत्ररक्षकाची कथा त्याहून वाईट. फेब्रुवारी १९९८मध्ये ढाक्यातच रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला. षटकात तीनच चेंडू उरलेत, तेवढ्यासाठी हेल्मेट कशाला, असे तो म्हणाल्याचे सांगतात. चेंडू कानशिलावर बसला आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. कसोटी खेळलेला, अडतीस वर्षांचा माणूस जर असा हिशेब करत असेल, तर बारा वर्षांच्या मुलाकडून दुसरा कोणता हिशेब अपेक्षित आहे? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने हे ओळखून २००० सालीच अठरा वर्षांखालच्या सर्व मुलांना कठीण चेंडूवर फलंदाजी करताना आणि यष्टीजवळ उभे राहताना जाळीचे हेल्मेट लागू केले. क्षेत्ररक्षणाचे अंतरही तिथे ठरलेले आहे: तेरा वर्षांखालच्यांनी मधल्या यष्टीपासून अकरा यार्डांच्या आत यायचे नाही, पंधरा वर्षांखालच्यांनी आठ यार्डांच्या, अपवाद फक्त ऑफ बाजूला यष्टीमागे उभ्या राहणाऱ्यांचा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने मोठ्यांना धोक्याच्या तीन जागी हेल्मेटची सक्ती केली ती मात्र जून २०२३मध्ये. एरवी मोठ्यांचे नियम झिरपत मुलांपर्यंत येतात. इथे मुले तेवीस वर्षे पुढे होती.

आपल्याकडे तर मैदानच दाटीचे. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याचा मिडविकेट असतो. जानेवारी २०२४मध्ये मुंबईत माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्यामागे लागून एका प्रौढ खेळाडूचा मृत्यू झाला. हेल्मेटने ही गोष्ट टळली नसती. क्षेत्ररक्षक मैदानभर हेल्मेट घालून फिरणार नाहीत. इथे गरज आहे ती एका वेळी किती सामने लावायचे हे ठरवण्याची, आणि तो निर्णयही मैदान देणाऱ्याच्याच हातात असतो.

डोक्याला चेंडू लागल्यानंतर काय करायचे, यात आपल्या आवडत्या कथाच आडव्या येतात. सियालकोटला १९८९मध्ये वकार युनूसचा चेंडू नाकावर बसून रक्त वाहत असताना सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर खेळत राहिला आणि त्याने ५७ धावा केल्या. ही गोष्ट प्रत्येक शिबिरात सांगितली जाते. त्या जिद्दीला नावे ठेवायचे कारण नाही. पण नाकातले रक्त दिसते, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे ही लक्षणे कधी लगेच, कधी काही तासांनी येतात. मुलांचा मेंदू सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस घेतो आणि सावरण्याआधी बसलेला दुसरा धक्का फार घातक ठरू शकतो. म्हणून नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे, हा क्रीडावैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे. ऑगस्ट २०१९पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू मिळतो. शालेय स्पर्धेत ही मुभा नसेल, तर शेवटच्या जोडीतले मूल ‘मला काही होत नाही’ असेच म्हणणार.

राहिला खर्च आणि उकाडा. मे महिन्याच्या दमट दुपारी हेल्मेटमध्ये जीव कासावीस होतो, हे खोटे नाही. त्यावर सराव सकाळी सातला सुरू करणे, पाणी देणे आणि कठीण चेंडूची घाई न करणे हे उपाय आहेत. रबरी किंवा टेनिस चेंडूवर आठ-नऊ वर्षांचे मूल सगळे फटके शिकू शकते. खर्चाचा मुद्दा मात्र गरीब घरांसाठी खरा आहे, आणि म्हणूनच हेल्मेट शाळेच्या किंवा क्लबच्या किटबॅगेत हवे. तीन-चार मापांची सहा-सात हेल्मेटे पुरतात, कारण एका वेळी ती लागतात दोन फलंदाजांना, एका यष्टिरक्षकाला आणि फार तर एखाद्या जवळच्या क्षेत्ररक्षकाला. घाम पुसायला फडके, दोन मिनिटांचे काम. मोसमाच्या सुरुवातीला प्रशिक्षकाने मुलांचा चेंडू घेऊन प्रत्येक हेल्मेटच्या फटीत दाबून बघावा. जोर लावूनही आत जाता कामा नये. कड भुवयांच्या जरा वर, पट्टा हनुवटीखाली घट्ट, मान हलवली तरी हेल्मेट जागेवर. आत रंगाने क्रमांक घालावा आणि जोराचा चेंडू लागला की वहीत तारीख लिहावी, कारण असा एक फटका खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतले अस्तर दबलेले किंवा कवचाला बारीक तडा गेलेला असू शकतो. असे हेल्मेट बाद करताना त्याचा पट्टा कापून टाकावा. नाहीतर पुढच्या मे महिन्यात ते कुणाच्या तरी धाकट्या भावाच्या डोक्यावर परत आलेले दिसते.